रांगेत अडकलेलं उत्तर

मुरबाडच्या बाईंचा फोन आला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. मी आणि वहिनी ओटीवर वाल निवडत बसलो होतो. बाई एरवी फोन केला की आधी घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात. त्या दिवशी एकदम म्हणाल्या, "ताई, बाबा पहाटेपासून घरात नाय. आमी सगलीकडं बघितलं. तुमच्यावर फोटो टाकलाय, जरा बघता का?"

"तुमच्यावर" म्हणजे माझ्या सर्व्हरवर. शहापूरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या कोठीशेजारी, लोखंडी मांडणीवर एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. मी पूर्वी नवी मुंबईत एका कंपनीत असेच संगणक सांभाळायचं काम करत होते. नोकरी सोडून घरी आले, घरूनच थोडंफार काम घ्यायला लागले, पण हाताची सवय जाईना. मोठ्या कंपन्यांच्या अॅपवर आपण जे बोलतो ते आपलं राहत नाही, हे मला फार दिवस खटकत होतं. कुणीही फुकट घ्यावं आणि स्वतःच्या मशीनवर चालवावं असं एक सॉफ्टवेअर मिळतं. त्यावर आपली माणसं लिहितात, फोटो टाकतात. आणि असे लहानमोठे सर्व्हर जगभर एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे शहापुरात लिहिलेलं पुण्याच्या किंवा गोव्याच्या सर्व्हरवरचा माणूस वाचू शकतो, तिथूनच उत्तरही देऊ शकतो. मी ते घरी बसवलं. आधी ओळखीपाळखीचे चारदोन जण आले, मग शहापूर-मुरबाडचे शिक्षक, नर्सबाई, कल्याणला नोकरीला जाणारी पोरं. कुणी रानभाजीचा फोटो टाकायचं, कुणी मुरबाडची एसटी गेली का विचारायचं. सर्व्हरला नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे म्हणायचे, "ताईवर टाक."

मुरबाडच्या बाई अंगणवाडी सेविका. टाकळा, कोरल असल्या रानभाज्यांचे फोटो टाकायच्या, त्या कशा करायच्या तेही लिहायच्या. त्यांचे वडील वीज खात्यात वायरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि अलीकडे त्यांना विसर पडायला लागला होता. घरातल्यांची नावं चुकायची, जेवलेलं आठवायचं नाही. आदल्या दिवशी ते सारखे कल्याणला जायचंय म्हणत होते, म्हणून बाईंचा भाऊ आणि चुलतभाऊ गाड्या घेऊन कल्याणच्या रस्त्याला गेले होते. पोलिसांत सांगून झालं होतं. गावातल्या मोबाइल ग्रुपवर फोटो फिरत होता.

मी आत जाऊन बघितलं. फोटोत म्हातारबाबा अंगणात खुर्चीवर बसलेले, अंगात पांढरा सदरा, खाकी पँट, हातात घडी घातलेला पंचा. खाली बाईंनी लिहिलं होतं, कुणाला दिसले तर इथेच कळवा. फोन नंबर नव्हता. तो माझाच नियम होता. मागे एका शिक्षिकेने घरचा तांदूळ विकायचा म्हणून नंबर लिहिला आणि पुढे कित्येक दिवस तिला नको नको ते फोन आले. तेव्हापासून सगळ्यांना दिसेल असा नंबर लिहायचा नाही, हे ठरलं होतं. बाईंनी नियम पाळला होता.

मी ती पोस्ट पुढे पाठवली. साताऱ्याकडे असाच एक सर्व्हर चालवणारे गृहस्थ आहेत. त्यांची-माझी भेट नाही, पण अडीअडचणीला फोनवर बोलतो. त्यांनीही पुढे पाठवली. तिथून ती कुणा बऱ्याच ओळखी असलेल्या माणसाच्या हाती लागली आणि मग भराभर पसरली. पुढे पाठवणाऱ्यांचा आकडा वाढताना बघून मला आधी बरं वाटलं. इतक्या लोकांनी बघितलं, कुणाला तरी दिसतीलच. वहिनीला हाक मारून मी तो आकडाही दाखवला.

मग पान उघडेना.

आधी वाटलं, इंटरनेट गेलं. ते चालू होतं. मग वाटलं, मशीन तापलं असणार. भाताला सोनेरी रंग चढला होता, कापणी तोंडावर होती, आणि त्या दिवसांत आमच्या मागच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं होतं. मी टेबलफॅन उचलून संगणकासमोर लावला, खिडकी उघडली. पान उघडायला लागलं, पण रडतखडत. आणि बाईंच्या पोस्टखाली उत्तरं मोजकीच दिसत होती, तीही बऱ्याच वेळापूर्वीची. एवढी माणसं बघतायत आणि कुणीच काही बोलत नाही, हे शक्य नव्हतं.

मी आतल्या रांगेचा आकडा काढला. बाहेरून आलेलं प्रत्येक उत्तर, प्रत्येक पसंती आधी एका रांगेत उभी राहते. आत वर्कर म्हणून छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, ते एकेक काम उचलतात आणि डेटाबेसमध्ये नोंदवतात. तेव्हाच ते आपल्याला दिसतं. रोजच्या दिवशी ही रांग रिकामीच असते. त्या सकाळी ती इतकी लांब होती की आधी मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय. म्हणजे उत्तरं येऊन पडली होती. माझ्याच घरात, त्याच मशीनवर होती. फक्त ती कुणाला वाचता येत नव्हती.

मी पहिल्यांदा सुचलं ते केलं, वर्कर वाढवले. रांग मोठी तर हात वाढवावेत, एवढा साधा विचार. थोडा वेळ आकडा खाली आला आणि मग सगळं साफ बंद पडलं. एकाच वेळी किती जणांनी दार ठोठावायचं याची डेटाबेसला मर्यादा असते. माझे नवे वर्कर तिथे गर्दी करून उभे राहिले आणि बाकी कुणाला आत शिरता येईना. पानाच्या जागी फक्त "एरर" दिसायला लागलं. आधी निदान फोटो तरी दिसत होता. आता मी तोही घालवला होता.

तेवढ्यात बाईंचा फोन. "ताई, उघडत नाय ओ. काय झालं?"

"बघतेय मी. होईल चालू."

"कुणी काय लिवलं का?"

"अजून कळत नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. पण बोलताना माझा आवाज असा झाला की बाईंना वाटलं मी काही लपवतेय. मागून कुणीतरी बाई त्यांना पाणी पी म्हणून सांगत होती.

मी वर्कर पुन्हा पहिल्याइतके केले, डेटाबेस बंद करून चालू केला. पान परत आलं. मग साताऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"रांग पुसून टाका," ते म्हणाले. "हे असंच होतं. एखादी पोस्ट पसरली की सगळे सर्व्हर आपल्या अंगावर येतात. पुसा, मोकळ्या व्हा. नवीन येईल ते नीट येईल."

"आणि त्या रांगेत उत्तर असलं तर?"

"बहुतेक सगळ्या पसंत्या असणार हो. त्यात काय मिळणार?"

"बहुतेक," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, "बरं, पुसू नका. आधी वर्कर करतायत काय ते बघा. मी फोन चालूच ठेवतो."

हे मला आधी सुचायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला साधं सुचत नाही. मी बघितलं तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता. मशीनवर काही ताण नव्हता. वर्कर काम करतच नव्हते, ते वाट बघत होते. बाहेरून आलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाचा फोटो, त्याची माहिती आपला सर्व्हर त्याच्या सर्व्हरवरून मागवून घेतो. आपल्याकडून बाहेर जाणारं टपालही प्रत्येक सर्व्हरला वेगळं पोचवतो. त्यातले कित्येक सर्व्हर संथ होते, काही बंद पडलेले. एकेक वर्कर अशा बंद दारासमोर उभा राहून उत्तराची वाट बघत होता, आणि मागे खरी उत्तरं ताटकळत होती. सगळ्या कामांना मी एकाच रांगेत उभं केलं होतं. इतके दिवस कधी अडलं नाही, म्हणून लक्षात आलं नाही.

"आत येणाऱ्यांना वेगळे वर्कर द्या," साताऱ्याचे गृहस्थ म्हणाले. "फोटो मागवणं बंदच करा आज. बाहेर जाणारं राहू द्या मागे."

सांगायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात एकेक बदल करायचा, सर्व्हिस परत चालू करायची, आणि ती चालू होईपर्यंत पडद्याकडे बघत बसायचं. एका फाइलमध्ये एक अक्षर चुकलं तर पुन्हा सगळं बंद. दर वेळी काही टंकलं की मी ते मोठ्याने वाचायचे आणि ते तिकडून "हं" म्हणायचे. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिला संगणकातलं काही कळत नाही, पण माझा चेहरा कळतो.

रांग हलायला लागली. बाईंच्या पोस्टखाली उत्तरं एकाखाली एक यायला लागली. मी वाचत सुटले. लवकर सापडोत. कोणत्या जिल्ह्यातली गोष्ट आहे? पुढे पाठवलं आहे. माझ्या काकांचंही असंच झालं होतं. एकाने त्यांना आदल्या रात्री सोलापूरच्या स्टँडवर बघितल्याचं लिहिलं होतं, पण आदल्या रात्री तर ते घरी जेवले होते. वाचता वाचता मला वाटायला लागलं की साताऱ्याच्या गृहस्थांचंच खरं, यात काही मिळणार नाही.

मग एक उत्तर आलं. डोंबिवलीला राहणाऱ्या एक बाई किन्हवलीकडे माहेरी चालल्या होत्या. त्या दुसऱ्याच एका सर्व्हरवरच्या. त्यांनी लिहिलं होतं, "सरळगावच्या पुढे, रस्त्याच्या कडेला एक आजोबा विजेच्या खांबाखाली उभे राहून वर बघत होते. पांढरा सदरा होता. आम्ही गाडीत होतो, थांबलो नाही. हेच असतील का?" लिहिलं होतं तेव्हापासून दोन-अडीच तास उलटून गेले होते. एवढा वेळ ते माझ्या मागच्या खोलीत पडून होतं.

मी वहिनीच्या मोबाइलवरून मुरबाडला फोन लावला आणि वाचून दाखवलं.

"खांबाखाली? वर बघत?" बाई म्हणाल्या. मग त्या रडायला लागल्या, पण लगेच सावरल्या. "तेच. ताई, तेच हायत. ती बाबांची लाइन. नोकरीला लागले तेवा तिकडंच होते. आमी समदी कल्याणला शोधतोय."

त्यांनी भावाला फोन करून गाडी फिरवायला सांगितली. भाऊ तोवर टिटवाळ्याच्या फाट्यापर्यंत पोचला होता. तिथून उलट यायचं म्हणजे वेळ जाणार. आणि माणूस दोन-अडीच तासांत कुठल्या कुठे जातो. सरळगाव सोडलं की पुढे काळू नदीचा पूल. त्या पुलाचा विचार मनात आला आणि मी तो कुणाला बोलून दाखवला नाही.

डोंबिवलीच्या बाईंना आणखी विचारायला हवं होतं. नेमकं कुठे, कुठल्या दिशेला तोंड होतं. मी त्यांना निरोप लिहिला, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की बाहेर जाणारं टपाल मी स्वतःच मागे ढकललंय. तो निरोप कधी पोचेल सांगता येत नव्हतं. साताऱ्याचे गृहस्थ अजून फोनवर होते.

"तुमच्या सर्व्हरवरून विचारता का त्यांना?" मी म्हटलं.

"विचारलं सुद्धा," ते म्हणाले. "तुम्ही वाचून दाखवलंत तेव्हाच."

थोड्या वेळाने त्यांनी उत्तर वाचून दाखवलं. डोंबिवलीच्या बाईंना आठवत होतं की त्यांनी मागे वळून बघितलं तेव्हा आजोबा रस्ता सोडून शेताच्या बांधावरून खाली उतरत होते, तारांच्या खालून. किन्हवलीच्या बाजूला तोंड होतं. थांबलो नाही याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, तसं त्यांनी दोनदा लिहिलं होतं.

हे मी बाईंना कळवलं. रस्त्याने शोधू नका, तारांखालून बघा.

दरम्यान मी नियम मोडला. बाईंच्या परवानगीने त्यांच्या पोस्टमध्ये आमच्या घरचा फोन नंबर घातला. बाईंचा नको, आमचा. तो बदलही बाहेरच्या रांगेत गेला, आणि तासाभराने फोन वाजायला लागला तेव्हा कळलं की पोचला. वहिनीने फोन स्वतःकडे घेतला. पहिला फोन अमरावतीहून, काही मदत लागेल का म्हणून. दुसरा कुणाचा तरी, उगाच हसायला केलेला. वहिनी शांतपणे म्हणाली, "बाबा, इथं एक म्हातारा हरवलाय. तुझं झालं असेल तर ठेव, दुसऱ्याला लाइन मिळूदे." तिसऱ्याने पैसे किती देणार विचारलं. तिने ठेवून दिला.

मी मशीनसमोरच बसून होते. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रांग कमी होत होती, नवीन उत्तरं लगेच दिसत होती. तरी उठवेना. उठले आणि तेवढ्यात काही बंद पडलं तर, असं वाटायचं. साताऱ्याच्या गृहस्थांनी कधीतरी फोन ठेवला होता, तेही लक्षात आलं नाही. उन्हं कलली. आकड्याकडे बघताना मला तो पूल दिसायचा.

सांजावताना बाईंचा फोन आला. "गावले," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या भावाने फोन घेऊन बाकीचं सांगितलं.

म्हातारबाबा पूल ओलांडून गेले होते. तिथून तारांखालून चालत एका वाडीत पोचले. मजुरी करणारी दहाबारा घरं, गावापासून बाजूला. वाडीतली वीज आदल्या दिवसापासून गेली होती. खाकी पँट घातलेला म्हातारा येऊन खांबाकडे बघतोय म्हटल्यावर वाडीतल्या लोकांना वाटलं, लाइनचे साहेब आले. त्यांनी त्यांना सावलीत खाटेवर बसवलं, पाणी दिलं, भात वाढला. बाबांनी कुणाला तरी विचारलंही, ट्रान्सफॉर्मर कुठल्या बाजूला आहे. दुपारभर लोक वाट बघत होते की साहेब आता काम सुरू करतील. भाऊ पोचला तेव्हा बाबा खाटेवर झोपलेले होते. पायाच्या टाचा फुटल्या होत्या, बाकी काही नाही.

"वाडीतली एक म्हातारी मला म्हणते, यांना नेऊ नको, अजून लाइट आली नाय," भाऊ म्हणाला. त्याला हसू येत होतं. "मग मी खात्यात फोन लावला. माणूस पाठवतो म्हणाले. मगच निघालो."

मी "सापडले" म्हणून लिहिलं आणि बाहेर जाणाऱ्या टपालाची रांग पुन्हा नेहमीसारखी करून दिली. वहिनीने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि समोर ताट ठेवलं. मी ते ताट उचलून मागच्या खोलीत नेलं आणि रांगेचा आकडा बघत जेवले.

त्यानंतर बरेच दिवस फोन येत राहिले. सापडल्याची बातमी हरवल्याच्या बातमीइतकी लांब जात नाही. फोटो जिथे जिथे पोचला होता तिथून कुणी ना कुणी विचारायचं, सापडले का आजोबा? वहिनी प्रत्येकाला सांगायची, हो, सापडले, बरे आहेत, तुम्ही कुठून बोलता? एका बाईंशी तर ती अर्धा तास बोलत बसली. त्यांचे मिस्टर असेच निघून गेले होते आणि ते परत आले नव्हते.

मी सर्व्हरची नीट मांडणी केली. आत येणारी उत्तरं, बाहेर जाणारं टपाल, फोटो मागवणं, सगळ्यांना वेगवेगळे वर्कर. बंद सर्व्हरची वाट किती वेळ बघायची त्यालाही मर्यादा घातली. रांग ठरावीक लांबीपेक्षा वाढली तर मोबाइलवर सूचना येते. साताऱ्याच्या गृहस्थांना माझ्या मशीनची चावी, म्हणजे पासवर्ड दिला, त्यांनी मला त्यांच्या मशीनचा. माणूस हरवला असेल तर नंबर लिहायचा, आणि तो सर्व्हर चालवणाऱ्याचा लिहायचा, असं नियमात घातलं.

कापणी आटोपल्यावर मी मुरबाडला बाईंकडे गेले. बाबा अंगणात बसले होते. त्यांनी मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. मी पाया पडले तर त्यांनी भलत्याच कुणाच्या तरी नावाने माझी चौकशी केली, आणि मी हो हो म्हटलं. फाटकाला आता आतून कुलूप होतं. किल्ली बाईंच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी.

चहा घेताना बाईंच्या भावाने मला विचारलं, "ताई, तुमचं ते पुन्ना अडकंल का?"

बाई त्याला म्हणाल्या, "असं कशाला इचारतोस?"

"अडकेल," मी म्हटलं. "या वेळी अडकलं तसं नाही अडकणार. दुसऱ्या कशाने तरी अडकेल. म्हणून आधी फोन करायचा, वाडीवस्तीला माणसं पाठवायची, आणि मग माझ्यावर टाकायचं."

त्याने मान हलवली. बाबा कप उचलून त्यातला चहा बशीत ओतत होते, सावकाश, एक थेंब न सांडता. आम्ही तिघेही ते बघत राहिलो. माझा मोबाइल पिशवीत होता आणि मनातून मला तो बाहेर काढून रांगेचा आकडा बघायचा होता. एसटीत बसेपर्यंत मी काढला नाही. बसल्यावर लगेच काढला.